फ्रान्सचा पत्ता वाचताना आधी दोन आकडे बघा

दादरला माझ्याकडे फ्रेंच शिकणारी बरीच मुलं पुढे शिकायला फ्रान्सला जातात. प्रवेशपत्र आलं की पेढे घेऊन येतात आणि मी आधी पत्ता दाखवायला सांगते. कारण त्यातला पाच आकडी पिनकोड वाचता आला की राहायचं कुठे आणि सरकारी कामाला कुठल्या दारात जायचं, ते बरंचसं कळतं.

पहिले दोन आकडे देपार्तमाँचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे. ७५ मध्ये पॅरिस शहर येतं, ६९ मध्ये ल्यों, १३ मध्ये मार्सेय, ३८ मध्ये ग्रनोबल. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये जुने प्रांत मोडून ८३ जिल्हे आखले. कुठूनही घोड्यावरून एका दिवसात जिल्ह्याच्या गावी पोचता यावं, हा त्यामागचा विचार. नावं बहुतेक नद्या-डोंगरांची दिली, राजघराण्यांची नाही. मला ही आखणी फार आवडते, कारण ती सामान्य माणसाच्या पायपिटीचा हिशेब करून केलेली आहे. पुढे नावं वर्णक्रमाने लावून क्रमांक दिले गेले. आज जिल्हे १०१ आहेत. पॅरिसभोवतालचे ९१ ते ९५ क्रमांक त्या क्रमात बसत नाहीत, कारण तिथली फेरआखणी १९६० च्या दशकातली.

आता एक पत्ता सोडवून बघा: ९१४०५ ऑर्से सेडेक्स. विद्यापीठाचं नाव पॅरिस-साक्ले, म्हणून मुलं पॅरिस शहरात खोली शोधू लागतात. पण ९१ म्हणजे एसॉन जिल्हा, पॅरिसच्या दक्षिणेला. त्याचं मुख्यालय एव्रीला आणि ऑर्सेला जवळचं उपकार्यालय पालेझोला. ‘सेडेक्स’ दिसलं तर तो मोठ्या संस्थांच्या टपालासाठीचा खास कोड समजा. गावाचा नेहमीचा पिनकोड ९१४०० आहे, खोली शोधताना तोच टाका.

सर्वांत जास्त जपायचं ते सँ-दनीला. ९३२०० सँ-दनी पॅरिसला लागून आहे. ९७४०० सँ-दनी मात्र हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर, मादागास्करच्या पूर्वेला. पॅरिसपेक्षा आपल्या मुंबईलाच जवळ! पिनकोड ९७ ने सुरू झाला तर तिसरा आकडाही वाचा. ९७१, ९७२, ९७३, ९७४ आणि ९७६ हे पाचही समुद्रापारचे जिल्हे आहेत. कॉर्सिकाचे जिल्हे २ए आणि २बी, पण तिथले पिनकोड २० नेच सुरू होतात. सीमेवरच्या काही गावांना शेजारच्या जिल्ह्याचा पिनकोड असतो, तेव्हा खात्री करून घ्या.

जिल्हा एवढा महत्त्वाचा का? कारण परदेशी विद्यार्थ्याच्या वास्तव्य परवान्याचा निर्णय तो राहतो त्या जिल्ह्याचं प्रेफेक्त्युर, म्हणजे तिथलं सरकारी जिल्हा कार्यालय, घेतं, कॉलेज कुठेही असो. त्याचा प्रमुख, म्हणजे नेपोलियनने १८०० मध्ये नेमायला सुरुवात केलेला प्रेफे, आपल्या कलेक्टरसारखा: सरकारने नेमलेला, निवडून आलेला नव्हे. बोरिवलीकराचं कलेक्टर ऑफिस जसं वांद्र्याला, फोर्टला नाही, तसंच हे. म्हणून भाडेकरार करताना खोलीचा जिल्हा पाहून घ्या.

जिल्ह्याच्या वर प्रदेश येतो. २०१६ पासून ते १८ आहेत, त्यातले १३ युरोपात. आधी युरोपातच २२ होते, त्यामुळे जुना नकाशा वापरू नका. उदाहरणार्थ, पूर्वीचा अल्सास प्रदेश आता ग्राँ-एस्त या मोठ्या प्रदेशात आहे. परवान्याच्या कामात प्रदेशाची फारशी गरज पडत नाही. शाळांवरून मात्र वाटणी छान समजते: प्राथमिक शाळेची इमारत गावाकडे, पुढच्या कोलेजची (तिथली माध्यमिक शाळा, आपलं कॉलेज नव्हे) जिल्ह्याकडे, त्यापुढच्या लिसेची (उच्च माध्यमिक शाळा) प्रदेशाकडे.

सर्वांत खाली कॉम्यून, म्हणजे गाव किंवा शहर. अशी जवळपास ३५,००० आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा महापौर, अगदी मूठभर वस्तीच्या गावालासुद्धा. पॅरिस शहर २० भागांत विभागलेलं आहे आणि भागाचा क्रमांक पिनकोडच्या शेवटी मिळतो: ७५००५ म्हणजे पाचवा भाग. फक्त सोळाव्याला ७५०१६ आणि ७५११६ असे दोन कोड आहेत, दोन्ही बरोबर.