उसातला पिवळा ठिपका : आधी बेट उपटा, मग दुकानाची पायरी चढा

पुणे जिल्हा. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरअखेर. उसाची पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरची), सुरू (जानेवारी-फेब्रुवारीची), खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस) आणि यंदाची आडसाली (जुलै-ऑगस्टची) लागण.

पाऊस उघडला की पहिल्या दोन दिवसांत एवढं एक काम कराच. मोबाईलवर उपग्रहाचं ताजं चित्र उघडा, आपल्या फडात फिकट पडलेला ठिपका शोधा आणि त्या ठिपक्यात शिरून उसाचं एक बेट, म्हणजे एका बुडातून फुटलेल्या उसांचा झुपका, मुळासकट उपटा. हुमणीची, म्हणजे भुंगेऱ्याची जमिनीतली, अळी आता तिसऱ्या अवस्थेत आहे आणि याच दिवसांत ती सगळ्यात जास्त मुळं खाते. ऑक्टोबर सरता सरता ती कोषात जाण्यासाठी खोल उतरते. मग वरून काहीही ओता, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

दौंड, इंदापूर, शिरूर पट्ट्यात मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट पाहत आलो आहे. ठिपका दिसतो. बांधावरून दिसतो, आता तर नकाशावरही दिसतो. शेतकरी फोटो काढतो आणि थेट दुकानात जातो. दुकानदार सांगतो, "अन्नद्रव्यांची कमतरता आहे." युरियाचं पोतं, सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी आणि वर एक टॉनिकची बाटली गाडीत पडते. पंधरा दिवसांनी ठिपका दुप्पट झालेला असतो. तोवर कुणीही एक बेट उपटून पाहिलेलं नसतं.

घोड धरणाच्या कालव्याखालच्या एका खोडव्यात उसाला नुसता हात लावला तर पुरुषभर उंचीचं अख्खं बेट हातात आलं. खाली मुळांचा झुपका नव्हता, कुरतडलेली बोटभर थुटकं तेवढी राहिली होती. ओल्या मातीत पांढुरक्या, तांबूस डोक्याच्या जाड अळ्या अंग मुडपून पडल्या होत्या. त्याच उसावर आठवड्यापूर्वी टॉनिकची फवारणी झाली होती. मुळंच नाहीत तिथं खत पिणार कोण?

उपग्रहावर माझा विश्वास आहे, पण त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे नीट कळायला हवं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. साधारण दर पाच दिवसांनी ते आपल्यावरून जातात. त्या चित्रातला सगळ्यात लहान चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. चित्रातला एक चौकोन म्हणजे एक गुंठा, एकराला चाळीस चौकोन, असा हिशेब डोक्यात पक्का ठेवा. बांधावर पडणाऱ्या चौकोनात गवत, झाड, पाट सगळं मिसळतं, म्हणून कडेचे चौकोन सोडून आतले पाहा.

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन्हींच्या फरकावरून एनडीव्हीआयचा, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा, आकडा निघतो. सरी झाकून गेलेल्या दाट उसात हा आकडा ०.८ च्या आसपास जाऊन अडतो. ऊस थोडाफार मलूल झाला तरी तो फारसा हलत नाही, त्यामुळे मुळाचं दुखणं नकाशावर उशिरा उतरतं. लाल आणि अवरक्त यांच्या मधल्या 'रेड एज' पट्ट्यावरून काढलेला तसाच आकडा, एनडीआरई, दाट उसात लवकर खाली येतो, पण सेंटिनेलचा तो पट्टा २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा एक चौकोन. दोन्ही पाहावेत.

नुसता आकडा बघून घाबरू नका. आपल्याच फडातला शेजारचा भाग आणि त्याच जागेचं आधीचं चित्र, या दोघांशी ताडून बघा. ढगाची सावलीही काळपट ठिपका दाखवते, पण पुढच्या चित्रात ती तिथं नसते. उलटी फसगतही होते. ऊस मेलेल्या जागी गवत आणि वेल माजतात आणि चौकोन हिरवागार दिसतो. मला वाटतं, हुमणीचे कितीतरी ठिपके आपण या गवतापायी हुकवतो. पावसाळाभर ढगांमुळे बहुतेक चित्रं वाया जातात. सेंटिनेल-१ चं रडार ढगाआडून बघतं, साचलेलं पाणी आणि आडवा झालेला ऊस त्यातून ओळखता येतो, पानाचा पिवळेपणा मात्र कळत नाही. म्हणूनच उघडिपीचं पहिलं चित्र सोडायचं नाही.

हे सगळं युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाच्या कोपरनिकस ब्राउझर या संकेतस्थळावर पैसे न देता बघता येतं. कुणी 'सॅटेलाईट रिपोर्ट' आणि खतांचं किट एकत्र विकत असेल तर घेऊ नका. पिवळेपणाचं कारण त्या रिपोर्टलाही ठाऊक नसतं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उपग्रह, जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि एआय यांची सांगड घालून उसावर काम चालू आहे. ते जरूर जाऊन पाहा. तिथंही नुसत्या चित्रावर भागत नाही, जमिनीतली माहिती जोडावीच लागते.

मोठ्या पटावर हेच चित्र वेगळं काम करतं. अन्नधान्याच्या भावांचा भडका उडाल्यानंतर २०११ मध्ये जी-२० देशांनी जिओग्लॅम हा उपक्रम सुरू केला. कुठल्या देशात गहू, भात, मका, सोयाबीन कसं आहे याचा अंदाज त्यातून आधी मिळतो. आपल्याकडे दिल्लीचं महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र २०१२ पासून असे अंदाज काढतं. पीक विमा योजनेत भात आणि गव्हाच्या उत्पादन अंदाजात तंत्रज्ञानाला किमान ३० टक्के वजन द्यायचं २०२३ मध्ये ठरलं. मावळ-मुळशीच्या भातवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. जिल्ह्याच्या बेरजेत चार गुंठ्यांची चूक कुठंच दिसत नाही, तुमच्या फडात मात्र त्याच चार गुंठ्यांतून हुमणी पुढच्या वर्षी एकरभर पसरते. म्हणून बेट तुम्हालाच उपटावं लागेल.

उपटल्यावर काय बघायचं? बेट सहज हातात आलं, मुळं कुरतडलेली असली तर हुमणी. फूटभर माती उकरा, अळ्या सापडतीलच. मुळं काळी पडून कुजका वास येत असेल आणि जागा खोलगट असेल तर पाणी साचलं आहे, चर काढा. मुळं पांढरी, घट्ट आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली असतील, जमीन चुनखडीची असेल, तर लोहाची कमतरता. फक्त या तिसऱ्या बाबतीत दुकानदाराचं बरोबर निघतं.

माझा एक अंदाजही सांगतो. ठिपका कडुनिंब किंवा बाभळीच्या बांधाकडून आत सरकलेला असेल, रान हलकं असेल, तर बेट उपटायच्या आधीच मी हुमणी धरून चालतो. भुंगेरे त्याच झाडांवर पाला खायला जमलेले असतात.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या मंडळींनी उसात एकट्यानं शिरू नये. बिबट्या फडातच असतो. भर दिवसा, दोघा-तिघांनी, मोठ्यानं बोलत जा, सकाळी लवकर किंवा तिन्हीसांजेला नको. दाट उसात मोबाईलचं लोकेशन काही मीटर इकडे-तिकडे होतं. बांधावरून सऱ्या मोजून गेलं तर ठिपका चुकत नाही.

अळी सापडली तर औषध फक्त ठिपक्याला आणि त्याभोवतीच्या एकेका गुंठ्याला. फिप्रोनील ४० टक्के + इमिडाक्लोप्रीड ४० टक्के डब्ल्यूजी हेक्टरी ५०० ग्रॅम, १२५० लिटर पाण्यातून आळवणी. म्हणजे गुंठ्याला ५ ग्रॅम आणि साडेबारा लिटर पाणी. असे आठ गुंठे निघाले तर ४० ग्रॅम लागतं, दुकानदार एकराचा डबा पुढे करील. जमिनीत वापसा (चिखल नाही, पण ओल आहे) असताना, पंपाचा नोझल काढून, बुडात ओता. हातमोजे घाला. विहीर, पाट, ओढ्यात हे पाणी उतरू देऊ नका. मधमाश्यांना हे घातक आहे, फुलावरच्या पिकाजवळ जपून. डब्यावरचं लेबल वाचूनच वापरा.

ठिपका लहान असेल किंवा आडसाली नवी असेल तर मेटारायझियम ॲनिसोप्ली ही अळी मारणारी मित्रबुरशी हेक्टरी २० किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना द्या. बुरशीनाशकाबरोबर मिसळू नका. उकरताना निघालेल्या अळ्या रॉकेलच्या पाण्यात टाका, तिथंच फेकू नका.

बाकीची कामं:
– आडसाली: तण काढणे, ६ ते ८ आठवड्यांचा नत्राचा हप्ता
– पूर्वहंगामी लागणीसाठी ९ ते १० महिन्यांचं बेणं, बेणेमळ्यातलंच
– सोयाबीन: काढणी, ढीग ताडपत्रीखाली
– रब्बी ज्वारी: पेरणी १५ ऑक्टोबरपर्यंत
– रब्बी कांदा: रोपासाठी गादीवाफे
– शेताचे चर मोकळे
– ई-पीक पाहणी मुदतीत

ठिपका सापडलेला गट, सरी आणि तारीख वहीत लिहा, त्या दिवसाचं चित्र मोबाईलमध्ये ठेवा. तोडणीनंतर त्या गुंठ्यांत खोडवा ठेवू नका, खोल नांगरट करून रान उन्हात तापू द्या. मे-जूनमध्ये वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान त्याच बांधावरच्या कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करा. शेजारच्या बांधवाल्यांनाही त्याच रात्री बोलवा, एकाच्या झाडावरचे भुंगेरे मारून भागत नाही.