मोठा वॉटर-कूल्ड चिलर सुरक्षितपणे कसा चालवावा आणि कसा जपावा

औषध कारखाना, मोठे रुग्णालय किंवा मॉल यांच्या प्लँट रूममधला पाचशे टनांचा चिलर खरे तर हमाली करतो: इमारतीतून १२ अंश सेल्सिअसला परत आलेल्या पाण्यातली उष्णता उचलून ते पाणी ७ अंशांवर आणायचे आणि उचललेली उष्णता कंडेन्सर या उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातल्या पाण्यावर लादून कूलिंग टॉवरमार्फत हवेत सोडायची. (येथे टन हे वजन नव्हे, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी क्षमता, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट.) एवढ्या यंत्रातून थंड पाणी तासाला सुमारे ३०० घनमीटर फिरते आणि आत काही शेकडो किलो रेफ्रिजरंट (उष्णता वाहून नेणारा वायू) दाबाखाली असते. पुढील मार्गदर्शन आर-१३४ए वायूवर चालणाऱ्या स्क्रू चिलरसाठी (ज्याचा कॉम्प्रेसर स्क्रूसारख्या फिरत्या दांड्यांनी वायू दाबतो) आहे. शीतगृहे आणि दूध डेअऱ्यांमधली अमोनियाची यंत्रणा विषारी वायूवर चालते आणि तिचे नियम वेगळे असतात, त्यामुळे हा लेख तिला लावू नये.

सुरू करण्यापूर्वी

यंत्राला हात लावण्याआधी मागच्या पाळीची लॉगबुक वाचावी. त्यानंतर पॅनेलवर तिन्ही फेजचे व्होल्टेज पाहावे. त्यांत दोन टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर मोटर तापते, म्हणून आधी विद्युत विभागाला कळवावे. वायूतून तेल वेगळे करणाऱ्या ऑइल सेपरेटरला हात लावल्यावर तो कोमट लागला पाहिजे. यंत्र बंद असताना रेफ्रिजरंट थंड तेलात विरघळतो आणि सुरू होताच दाब घसरल्याने तेलाला सोड्याच्या बाटलीसारखा फेस येतो. मग बेअरिंगला तेलाऐवजी फेस मिळतो. हे टाळण्यासाठीच ऑइल हीटर असतो आणि यंत्र बराच काळ बंद असेल तर ते सुरू करण्याआधी हीटर किमान चोवीस तास चालू ठेवावा लागतो.

सुरू करण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी थंड पाण्याचा पंप, मग कंडेन्सरचा पंप, मग टॉवरचा पंखा. दोन्ही बाजूंच्या प्रेशर गेजवर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या दाबातला फरक वाचून तो यंत्र बसवले तेव्हाच्या नोंदीशी ताडावा; फरक कमी झाला असेल तर पाणी कमी वाहते आहे, आणि त्याचे कारण बहुधा तुंबलेला स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह असते. पाण्याचा प्रवाह स्थिर झाल्यावरच चिलरला स्टार्ट द्यावा. लागोपाठ स्टार्ट होऊ नये म्हणून पॅनेलमध्ये टायमर असतो. घाई आहे म्हणून त्याची वेळ कोणी कमी करू नये.

पाण्याचा प्रवाह कमी झाला की चिलर थांबवणाऱ्या फ्लो स्विचबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. मी शिकाऊ असताना एका कारखान्यात रात्रपाळीला चिलर वारंवार फ्लो स्विचवर ट्रिप होत असे. कोणीतरी स्विचची दोन टर्मिनल्स बोटभर लांबीच्या लाल वायरने जोडून टाकली आणि कमी तापमानाच्या कटआऊटची सेटिंगही खाली आणली. स्ट्रेनर गंज आणि वेल्डिंगच्या खड्यांनी भरला होता. प्रवाह घटत गेला, इव्हॅपोरेटरच्या (पाणी थंड होते त्या भागाच्या) नळ्यांत पाणी गोठले आणि फुगलेल्या बर्फाने नळ्या फोडल्या. शेवटचे कव्हर उघडले तेव्हा तांब्याची एक नळी शेंगेसारखी उभी उकललेली दिसली. पाणी रेफ्रिजरंटच्या बाजूला शिरल्याने कॉम्प्रेसरही गेला आणि ती लाल वायर पॅनेलमध्ये तशीच होती. स्विच ट्रिप होत होता तो पाणी कमी असल्यामुळेच. स्ट्रेनर काढून धुण्याला तासभर लागला असता. म्हणून कोणतीही ट्रिप कारण सापडल्याशिवाय रिसेट करू नये आणि सेफ्टीला बायपास देण्याचा अधिकार पाळीवरच्या कोणालाही नसावा.

चालू यंत्राची नोंद

दर दोन तासांनी दोन्ही पाण्यांची आत-बाहेरची तापमाने, सक्शन आणि डिस्चार्जचे (कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायूचे) दाब, तेलाचा दाब आणि तापमान, मोटरचा करंट आणि लोडची टक्केवारी लिहावी. मात्र पाळी संपताना बसून सगळे आकडे एकदम भरणे म्हणजे लॉगबुक नसल्यासारखेच आहे. जिथे सहा तास प्रत्येक रकान्यात एकच आकडा दिसतो तिथे गेजकडे कोणी फिरकलेले नसते, हे अनुभवी माणसाला लगेच कळते.

या आकड्यांतून एक हिशेब रोज करावा, तो म्हणजे कंडेन्सरचा अ‍ॅप्रोच. डिस्चार्ज दाबावरून रेफ्रिजरंट किती अंशांना द्रवरूप होतो आहे ते तक्त्यात पाहावे आणि त्यातून कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान वजा करावे. समजा पाणी ३७ अंशांना बाहेर पडते आणि गेजवर सुमारे पावणेनऊ बार दाब आहे. तो दाब साधारण ३८.५ अंशांचा, म्हणजे अ‍ॅप्रोच दीड अंश, आणि नळ्या स्वच्छ आहेत. दोन महिन्यांनी तितक्याच लोडवर आणि तितक्याच पाण्याला दाब ९.४ बारच्या आसपास गेला, तर अ‍ॅप्रोच चार अंशांवर पोचला. अजून अलार्म वाजलेला नसतो, गारवाही कमी झालेला नसतो. पण द्रवीभवनाचे तापमान एक अंश वाढले की विजेचा खर्च साधारण दोन-तीन टक्के वाढतो आणि हाच चढ पुढे मे महिन्यात भर दुपारी हाय प्रेशर ट्रिप होऊन समोर येतो. नळ्या साफ करूनही अ‍ॅप्रोच उतरला नाही, तर यंत्रात हवा शिरल्याची शंका घ्यावी.

पाणी आणि साफसफाई

नळ्यांवर थर चढतो तो टॉवरच्या पाण्यामुळे. पूर्ण लोडवर पाचशे टनांच्या यंत्राच्या टॉवरमधून तासाला सुमारे ३,००० लिटर पाणी वाफ होऊन उडते आणि त्यातले सर्व क्षार मागे राहतात. भरणीच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ४०० आणि हौदातला २,००० ठेवायचा असेल, तर वाफेच्या एक चतुर्थांश, म्हणजे तासाला सुमारे ७५० लिटर पाणी ब्लोडाऊनच्या व्हॉल्व्हमधून हौदाबाहेर सोडावे लागते. पाणी वाचवण्यासाठी हा व्हॉल्व्ह बंद ठेवणारे पुढे नळ्या बदलतात. बोअरचे कठीण पाणी असेल तर सॉफ्टनर टाळता येत नाही. टॉवरच्या कोमट पाण्यात लिजिओनेला जातीचे जंतू वाढू शकतात आणि तुषारांबरोबर फुप्फुसात जातात, म्हणून जंतुनाशकाची मात्रा चुकवू नये आणि हौद साफ करताना योग्य मास्क वापरावा. पंख्याची वीज तोडली तरी तो वाऱ्याने फिरतो. आत शिरण्यापूर्वी पाती बांधून ठेवावीत.

कंडेन्सर उघडताना मुख्य पुरवठा बंद करून काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचे कुलूप आणि नावाचा टॅग लावावा, आणि किल्ली ज्याची त्याच्या खिशात राहावी. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासून मग बंद लाइनवर लावावा. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून लेबलवर लिहिलेली मिनिटे थांबावे. पाण्याचे व्हॉल्व्ह बंद करून पाणी पूर्ण काढल्यावरच कव्हरचे बोल्ट सोडावेत आणि कव्हर चेन पुलीवर तोलून धरावे. तांब्याच्या नळ्यांना नायलॉनचा ब्रश चालतो, लोखंडी तारेचा नाही. थर ब्रशने निघत नसेल तर इनहिबिटर (धातूला आम्लापासून वाचवणारे रसायन) घातलेल्या आम्लाचे द्रावण फिरवतात. ते बनवताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही, आणि निघणारा वायू बाहेर जाण्यासाठी व्हेंट उघडा ठेवावा.

गळती

आर-१३४ए ला वास जवळजवळ नसतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने तळघरात व केबलच्या खंदकात साचून ऑक्सिजन हटवतो. खाली पडलेल्या सहकाऱ्याला उचलायला धावणारा दुसराही तिथेच पडतो. डिटेक्टर वाजला की बाहेर पडावे, एक्झॉस्ट बाहेरच्या स्विचने चालू करावा आणि श्वसनयंत्राशिवाय आत जाऊ नये. वायू असलेल्या पाइपवर वेल्डिंग केल्यास विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, म्हणून आधी वायू रिकव्हरी मशीनने काढून घ्यावा. दाबचाचणी रेग्युलेटर लावून कोरड्या नायट्रोजनने करावी. ऑक्सिजन वापरल्यास तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो.

बंद करताना

चिलर पॅनेलवरच्या स्टॉपने लोड उतरवत थांबवावा. इमर्जन्सी बटण त्यासाठी नाही. पंप आणखी काही मिनिटे चालू द्यावेत आणि मग पंखा बंद करावा. दिवाळीच्या सुट्टीत वीज वाचवण्यासाठी मुख्य ब्रेकर पाडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि त्याबरोबर ऑइल हीटरही बंद होतो. त्या ब्रेकरवर ठळक मराठीत पाटी लावावी. सुट्टीनंतर सोमवारी सकाळी आठला थंड पाणी हवे असेल, तर हीटर रविवारी सकाळी आठच्या आत चालू झालेला असला पाहिजे, आणि त्यासाठी कोण येणार त्याचे नाव सुट्टी लागण्याआधीच लॉगबुकात लिहून ठेवावे.