या चुका टाळा: भिंत, कुंडी आणि चटणीची बरणी

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की कोल्हापुरात जो तो विचारतो, आता किती फूट? ४३ ला धोका, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. नदीच्या पाण्यावर एवढी नजर ठेवणारे आपण घरातल्या ओलीकडे मात्र फार उशिरा बघतो. रंगाचे पोपडे, पिवळं पडलेलं रोप आणि बुरशी आलेली चटणी, या तिन्ही गोष्टी माझ्याकडे वेगवेगळ्या वर्षी झाल्या. तिन्ही वेळा मी वरवरचा उपाय करत राहिले, आणि पाणी कुठून येतंय ते शोधायचं राहून गेलं.

आधी भिंतीचं सांगते. आमच्या स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत पावसाचा सगळा मारा झेलते. दसऱ्याच्या आधी घाईघाईने तिला पुट्टी आणि रंग केला, आणि फराळाचे डबे भरायच्या आत फुगे आले. पुढच्या वर्षी ते खरवडून ओल रोखणारा महागडा रंग दिला, तरी तेच. तिसऱ्या वर्षी आलेले गवंडीमामा आतल्या भिंतीकडे न बघता थेट बाहेर गेले आणि खिडकीच्या सज्जाखालची बारीक चीर बोटाने दाखवली. "पाणी भायरनं येतंय वहिनी, आन् तुमी औषध आतनं लावालाय." चीर भरली, सज्जाला उतार दिला, भिंत मार्चपर्यंत तशीच उघडी ठेवली आणि मग रंग दिला. तो टिकला.

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या वाफेची आहे, हे घरच्या घरी कळतं. फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. प्लास्टिकच्या मागे थेंब जमले तर पाणी भिंतीतलं. पुढच्या बाजूला जमले तर कुकरची आणि आंघोळीची वाफ कोंडतेय. तिथे खिडकी आणि एक्झॉस्ट फॅन हाच उपाय, गवंडी लागत नाही.

पांढरी पूड सुटते त्याला आपण लोणा म्हणतो. ते क्षार असतात. ओल्या फडक्याने पुसले की पाण्यात विरघळून परत भिंतीत शिरतात, म्हणून कोरड्या ब्रशनेच झाडायचे. पेठांमधल्या जुन्या, मातीत बांधलेल्या घरांना सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट देणं ही तर मोठीच चूक. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सोडायची वाट बंद केली की आतल्या आत भिजून गिलाव्यासकट सुटते. तिथे चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदीच बरी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाणी ओसरल्यावर लगेच रंग दिलेल्या भिंती पुन्हा खरवडाव्या लागल्या. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलं तरी मागची बुरशी पुष्कळ कमी होते, हे जाता जाता.

कुंडीच्या बाबतीत आपल्या भागातली खास चूक म्हणजे शेतातली काळी माती तशीच भरणं. नातेवाइकांचा ऊस असतो, पोतंभर माती सहज मिळते. शेतात ती सोनं आहे, कुंडीत मात्र भिजली की चिखल आणि वाळली की वीट. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि आपण समजतो पाणी कमी पडलं. माझा मोगरा असाच गेला. पिवळा पडला म्हणून रोज दोन तांबे जास्त ओतत होते. आता दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू घेते. भोकावर खापराचा तुकडा उलटा ठेवते. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालायचं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पावसाळ्यात खालच्या थाळ्या काढून टाकायच्या, डासही होत नाहीत.

आता चटणी. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षभराचा कांदा-लसूण मसाला. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी किंवा जवारी, झणक्याला लवंगी. ती बिघडली की वर्ष बिघडतं, म्हणून याच्यावर जरा जास्त लिहिते.

एका मे महिन्यात गच्चीवर मिरच्या टाकल्या होत्या आणि दुपारी वळीव आला. गोळा करेपर्यंत भिजल्याच. दुसऱ्या दिवशी ऊन दाखवून मी त्या डंकावर, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या गिरणीत, नेल्या. वरून कोरड्या लागत होत्या, पण देठाजवळ ओल राहिली होती. श्रावणात बरणीच्या तोंडाशी राखाडी बुरशी दिसली. मिरची वाळली की नाही हे हाताने नाही, कानाने ठरवायचं. हलवली की बिया खुळखुळल्या पाहिजेत, देठ कटकन मोडला पाहिजे.

कांदा हा दुसरा चोर. तो उभा पातळ चिरून दोन-तीन दिवस कडकडीत वाळवायचा आणि मग तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळायचा. ओला कांदा तळला की वरून लाल आणि आत मऊ राहतो, तीच ओल पुढे बुरशीला पुरते. लसूण, आलं, कोथिंबीर यांचंही तसंच, पाणी आटेपर्यंत परतल्याशिवाय डंकाकडे न्यायचं नाही. खोबरं मात्र जाळू नका, करपलं की चटणी कडवट होते.

डंकावरून आलेली चटणी गरम असते. ती तशीच बरणीत भरली की झाकणाला वाफ धरते. सासूबाई पांढऱ्या धोतरावर पसरून रात्रभर निववायच्या, सकाळी चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायच्या आणि वर हिंगाचे खडे ठेवून दादरा बांधायच्या. मी आता महिन्यापुरती छोटी बरणी वेगळी काढते, मोठी उघडत नाही. आणि बुरशी आली तर वरचा थर काढून बाकीची भाजून वापरू नका. बुरशीतली विषं भाजल्याने, उकळल्याने जात नाहीत. जिवावर येतं, पण सगळी टाकायची.

जाता जाता मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचंही थोडक्यात. तांबडा काळपट आणि कडू झाला तर चटणी धुरकटलेल्या तेलात पडली. आच बारीक करून चटणी घाला, लगेच पळीभर गरम अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनमिठाचं पाणी, ओता, तवंग छान सुटतो. पांढरा फुटतो तो नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळल्यामुळे. दूध शेवटी, मंद आचेवर, हलवत हलवत घालायचं आणि पहिली उकळी फुटायच्या आत गॅस बंद. मीठ जास्त झालं तर बटाटा टाकून फारसं काही होत नाही, तो खारट पाणी पितो आणि उरलेलं तेवढंच खारट राहतं. त्यापेक्षा मटण शिजवताना मीठ घालण्याआधी दोन वाट्या अळणी बाजूला काढून ठेवा. खारट झालं तर त्यात तीच ओता, नाही झालं तर जेवणाआधी पोरांना प्यायला द्या.