ड्राइव्हचं अक्षर बदलताना या चुका टाळा

पेनड्राइव्ह लावला, जोडल्याचा आवाज आला, पण 'दिस पीसी' उघडलं तर पत्ताच नाही. आता हा गेला असं समजून फॉरमॅट मारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पुष्कळदा विंडोजने त्याला अक्षर (सी, डी, ई असं ड्राइव्हचं नाव) दिलेलं नसतं, एवढंच झालेलं असतं.

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी दिसेल. पट्टीवर एनटीएफएस किंवा फॅट३२ (फाइली साठवायच्या पद्धतीचं नाव) आणि 'हेल्दी' असं लिहिलंय, फक्त अक्षर नाही? मग बहुधा डेटा जागेवर आहे. पट्टीवर राइट क्लिक करा, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स'मध्ये जाऊन 'अ‍ॅड' दाबा आणि अक्षर निवडा. तिथे 'रॉ' (म्हणजे विंडोजला त्यातलं वाचता येत नाही) लिहिलेलं असेल तर मात्र अक्षर देऊन भागणार नाही. विंडोज फॉरमॅट करू का म्हणून विचारेल, तेव्हा कॅन्सल करा आणि आधी डेटा रिकव्हरीचं बघा. डेटा असलेली जुनी डिस्क 'इनिशियलाइज' (नव्याने वापरासाठी तयार) करायला सांगितली, तरी हेच.

कुठल्या ड्राइव्हला कुठलं अक्षर, ही नोंद विंडोज त्या कॉम्प्युटरवर ठेवतं, डिस्कवर नाही. आमच्या डीटीपीच्या कामात याचा फटका बसला. दिवाळी अंकाची पानं कॉम्प्युटरवर, फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि तिचं अक्षर कायम जी. एका सकाळी कुणीतरी आधी पेनड्राइव्ह लावला, त्याने जी पटकावलं आणि हार्डडिस्क एच झाली. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये फोटोंच्या यादीत लाल प्रश्नचिन्हांची रांग! सहकारी एकेक फोटो नव्याने जोडायला बसला होता, त्याला थांबवलं. सॉफ्टवेअर बंद केलं, पेनड्राइव्ह काढला, डिस्क मॅनेजमेंटमध्ये एचचं पुन्हा जी केलं. सगळे फोटो जागेवर आले. अंक छापायला गेल्यावर त्या डिस्कला पी हे अक्षर दिलं. विंडोज सहसा सीपासून पुढे मोकळं अक्षर शोधत येतं, त्यामुळे पीपर्यंत कुणी सहसा पोचत नाही. बॅकअपच्या डिस्कलाही असंच लांबचं अक्षर द्या.

ऑफिसात सर्व्हरचं फोल्डर एफ म्हणून जोडलेलं असेल आणि पेनड्राइव्हलाही एफच मिळालं, तर पेनड्राइव्ह दिसत नाही. पेनड्राइव्हचं अक्षर बदला. नेटवर्कची फोल्डरं मुळातच झेड, वाय अशी शेवटून जोडलेली बरी.

ज्या ड्राइव्हवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलंय, त्याचं अक्षर हौसेने बदलू नका. डीचं ई केलंत की शॉर्टकट उघडत नाहीत आणि अकाउंटिंगच्या प्रोग्रॅमला डेटाचा पाथ सापडत नाही. सीला तर हातच लावू नका. १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) बिनअक्षराचं दिसेल. ते तसंच असतं, कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू होतो.

प्रत्येक नव्या डिस्कला हातानेच अक्षर द्यावं लागत असेल, तर ऑटोमाउंट, म्हणजे नव्या डिस्कला आपोआप अक्षर देण्याची सोय, बंद पडलेलं असू शकतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'डिस्कपार्ट' आणि मग 'ऑटोमाउंट इनेबल' हे इंग्रजीत टाइप करा, एंटर दाबा आणि बाहेर पडा. तिथे 'क्लीन' नावाची कमांडही आहे. नाव साधं वाटतं, पण ती निवडलेल्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडवते आणि खात्री करून घ्यायला एकदाही विचारत नाही.