जुना गेम परत येतोय पण कॉपीराइटमध्ये अडकलाय म्हणे? फॉरवर्ड करायच्या आधी एवढं बघा

गणपतीत आमच्या मालवणच्या घरी सगळी भावंडं जमली की रात्री खळ्यात पत्ते आणि जुन्या सायबर कॅफेच्या आठवणी हे ठरलेलं. यंदा आतेभाऊ मेसेज घेऊन आला, रोड रॅश (तो बाइकच्या शर्यतीत मारामारी करायचा जुना गेम) परत येतोय पण कॉपीराइटची केस झालीये, उद्या बंद होणार, आत्ताच या लिंकवरून घ्या. नुसता वाचून दाखवला असता तर ठीक, पण साहेबांनी फाइल टाकली पण होती, आणि दुसऱ्या दिवशी ऐन आरतीत खिशातून रमीची जाहिरात ओरडायला लागली. आजीने त्याच्याकडे जे बघितलं ते काय लिहीत नाही. मग त्याला पडवीत बसवून जे समजावलं तेच इथे टाकतोय.

कॉपीराइटची भानगड आहे असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न, कशाची? गेम म्हणजे आपल्याकडचा सामाईक सातबारा समजा. कोड एकाचा, नाव दुसऱ्याचं, गाणी तिसऱ्याची, हिरो कुठल्या सिनेमातला असला तर तो चौथ्याचा, आणि मुंबईच्या एका चुलत्याने सही दिली नाही की सगळं ठप्प. गोल्डनआय हा जेम्स बाँडचा गेम १९९७ चा, निन्टेंडो ६४ या कन्सोलवरचा (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन), बनवला रेअर नावाच्या कंपनीने, रेअर पुढे मायक्रोसॉफ्टकडे गेली, आणि बाँड तर सिनेमावाल्यांचा. एवढ्या हिस्सेदारांचं जमून तो नव्या कन्सोलवर यायला जानेवारी २०२३ उजाडलं. नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर म्हणून २००० सालचा गेम आहे, त्याचं तर मालकी नक्की कुणाची यावरच अडलं, नाइटडाइव्हसारख्या जुने गेम परत आणणाऱ्या कंपनीने पण प्रयत्न करून हात टेकले.

खरा घोळ बहुतेक वेळा गाण्यांचा असतो. गाणं गेमवाल्याने विकत घेतलेलं नसतं, आंब्याची बाग कराराने घेतात तसं काही वर्षांसाठी घेतलेलं असतं, मुदत संपली की झाडं मूळ मालकाची. जीटीए फोर (ग्रँड थेफ्ट ऑटो, गाड्या पळवायचा गेम) आला २००८ ला, दहा वर्षांनी एप्रिल २०१८ मध्ये मुदत संपली म्हणून बरीच गाणी अपडेटमधून काढली, ज्यांनी आधी पैसे मोजून घेतला होता त्यांच्या गेममधून पण गेली (हे मला अजूनही पटलेलं नाही). ॲलन वेक नावाचा गेम मे २०१७ मध्ये गाण्यांच्या लायसन्समुळे दुकानांतून काढला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये परत आला, पण मधल्या काळात ज्यांच्याकडे होता ते खेळतच होते. म्हणजे "बंद होणार" वाचलं की विक्री बंद, खेळणं बंद की नुसती गाणी गेली हे वेगळं काढायचं, मेसेजवाले तिन्ही एकाच पातेल्यात घालतात.

रोड रॅशची अफवा पटकन पटते ती पण याचमुळे. १९९६ च्या विंडोजवाल्या गेममध्ये साउंडगार्डनसारख्या खऱ्या बँडची गाणी होती, उद्या तो परत आणायचा झाला तर गाण्यांचा विषय निघणारच. पण मेसेजमध्ये केस कुणी केली, कुणावर, कुठल्या तारखेला, यातलं एक अक्षर नव्हतं, आणि हे तिन्ही नसेल तर तिथेच थांबायचं.

तारीख असेल तर कंपनीच्या स्वतःच्या पेजवर जाऊन मूळ वाक्य वाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये जीटीएच्या तीन जुन्या गेमचा नवा संच आला आणि पीसीवर लगेच दोनतीन दिवस विक्रीतून गायब झाला. लोकांनी फाइली उघडून अंदाज बांधले, लायसन्स नसलेली गाणी आत राहिली म्हणून काढला वगैरे. कंपनी एवढंच म्हणाली की चुकून आत गेलेल्या फाइली काढतोय. अंदाज खोटाच होता असं मी म्हणत नाही, पण कंपनी काय बोलली आणि लोकांनी काय जोडलं हे वेगळं ठेवा.

ट्रेडमार्कचं पण तसंच. आपल्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट शोधता येतं, नाव टाका, मालक दिसतो. पण नाव रिन्यू केलं म्हणजे गेम येतोय असं नाही, ते दर दहा वर्षांनी करावंच लागतं. आमचे काका पडीक जमिनीचा सारा दरवर्षी भरतात, म्हणून तिथे कलमं लागली का?

नोटीस म्हणजे पण केस नव्हे. जीटीए थ्री आणि व्हाइस सिटीचा कोड चाहत्यांनी उलगडून नव्याने लिहिला होता, त्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये नोटीस गेली आणि कोर्टात दावा लागला थेट सप्टेंबरात. आणि जुना झाला म्हणजे फुकट झाला हे तर साफ खोटं, अमेरिकी कायद्यात कंपनीने बनवलेल्या कामाला प्रसिद्ध झाल्यापासून ९५ वर्षं असतात, १९९६ चा गेम २०९१ संपेपर्यंत.

गाण्यांची मुदत संपतेय असं कंपनीनेच सांगितलं असेल तर मात्र आळस नको, विक्री चालू आहे तोवर घ्या. जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर असेल तर तिथूनच घ्या, इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतो, आणि आमच्यासारखी रेंजसाठी विहिरीवर जावं लागणारी घरं असतील तर ते तसंही बरं. "सगळी ओरिजिनल गाणी असलेली" अशी अनोळखी लिंकवरची फाइल मात्र फोनमध्ये टाकू नका.

आतेभावाचा फोन शेवटी रीसेट मारला, गणपतीचे फोटो त्यातच गेले. आता काही टाकायच्या आधी मला विचारतो. काल म्हणे, "कॉन्ट्रा परत येतोय, कॉपीराइट सुटला." म्हटलं मेल्या, तो २०१९ मध्येच जुन्या गेमच्या संचात आलाय, विकत घे.