‘बाब केंद्राच्या अखत्यारीतील’ : लष्कराशी संबंधित प्रश्न विधानसभेत नेताना या चुका टाळा

फायरिंग रेंजमुळे झालेलं पिकाचं नुकसान, कॅन्टोन्मेंटमधलं (लष्करी छावणीच्या हद्दीतलं) पाणी, वीरपत्नीची रखडलेली जमीन, छावणीच्या भिंतीलगत अडकलेली बांधकाम परवानगी. असे विषय घेऊन लोक आमदारांकडे जातात, आमदार तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) टाकतात आणि अधिवेशनात एका ओळीचं उत्तर येतं : ‘सदर बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीतील असल्याने प्रश्न उद्भवत नाही.’ कित्येक प्रश्न तर इथवरही पोचत नाहीत, विधानभवनातच अस्वीकृत होतात. मागणी खरी असते, पण ती चुकीच्या माणसाला विचारलेली असते. विधानसभेचा लष्करावर काडीचाही अधिकार नाही. लष्कराशी रोजचा व्यवहार करणारे जिल्हाधिकारी, तहसीलदार, महापालिका आणि मंत्रालयातले विभाग यांच्यावर मात्र तिचा पुरता अधिकार आहे. प्रश्न त्यांच्याकडे वळवता आला पाहिजे.

सातवी अनुसूची न बघता प्रश्न लिहायला घेणं

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या संघ सूचीची, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीची, सुरुवातच देशाच्या संरक्षणापासून होते. भूदल, नौदल, हवाई दल, त्यांची बांधकामं, कॅन्टोन्मेंटमधला स्थानिक कारभार, शस्त्रं आणि स्फोटकं हे सगळं त्याच सूचीत आहे. नागरी प्रशासनाच्या मदतीला सैन्य पाठवण्याची नोंद (२-अ) १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तिथेच जोडली गेली. राज्य सूचीत पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था आहे, पण त्या नोंदीतही सशस्त्र दलांचा वापर वगळलेला आहे.

त्यामुळे ‘शासन लष्करावर काय कारवाई करणार आहे?’ असं वाक्य प्रश्नात आलं की तो तिथेच संपला. जमीन राज्याची, महसूल राज्याचा, शहर नियोजन राज्याचं, आपत्ती व्यवस्थापनाची जिल्ह्यातली यंत्रणा राज्याची. वाट तिथूनच आहे.

इंटरनेटवर वाचून होणारा एक घोटाळा इथेच सांगून टाकतो. अमेरिकेतल्या राज्यांच्या विधिमंडळांमध्ये लष्करी आणि माजी सैनिकांच्या बाबींसाठी समित्या असतात, कारण तिथे नॅशनल गार्ड हे दल शांततेच्या काळात त्या त्या राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली असतं. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना ते ओळखीचं असेल. आपल्याकडे राज्याचं लष्कर नाही. राज्य राखीव पोलीस दल म्हणजे पोलीसच, आणि होमगार्ड ही १९४७ च्या मुंबई होमगार्ड कायद्याखालची स्वयंसेवी संघटना. संरक्षण विषयाची समिती संसदेत आहे, मुंबईत नाही.

फायरिंग रेंजचा प्रश्न ‘लष्कराविरुद्ध’ मांडणं

सगळ्यात मोठी संधी इथे वाया जाते, म्हणून जरा थांबून पाहू.

सराव आणि तोफांचा मारा यासाठी खासगी किंवा गावाची जमीन काही काळ वापरायची असेल, तर त्याला आधार १९३८ च्या कायद्याचा आहे : मॅनुव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस अॅक्ट. त्यात अधिसूचना काढण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. नुकसानभरपाई ठरवायला महसूल अधिकारी नेमायचे ते जिल्हाधिकाऱ्यांनी. पैसा संरक्षण खात्याचा, पण कागद फिरतो तो महसूल विभागात, आणि महसूल विभाग विधानसभेला उत्तर देतो.

हे कोरं पुस्तकी ज्ञान नाही. झारखंडमधल्या लातेहार आणि गुमला जिल्ह्यांतल्या नेतरहाट रेंजची अधिसूचना १९६४ पासून पुढे पुढे वाढवली जात होती. शेवटची मुदत ११ मे २०२२ ला संपली. गावकऱ्यांचा विरोध अनेक वर्षांचा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने मुदत न वाढवण्याचा निर्णय घेतला. म्हणजे मुदतवाढीवर सही करायची की नाही, हा राज्याचा निर्णय आहे आणि त्याबद्दल राज्याच्या मंत्र्यांना सभागृहात जाब विचारता येतो. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यात के. के. रेंजच्या आसपासच्या राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या गावांनी हा कायदा पाठ करून ठेवायला हरकत नाही.

आता प्रश्न कसा लिहू नये ते पाहा :

‘लष्कराच्या सरावामुळे शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान होत आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासन सराव थांबविणार आहे काय?’

आणि हा दुसरा :

‘(१) अमुक तालुक्यातील अमुक गावांच्या क्षेत्रासाठी १९३८ च्या अधिनियमान्वये अधिसूचना कोणत्या दिनांकास काढण्यात आली व तिची मुदत केव्हा संपते, (२) मागील तीन वर्षांत नुकसानभरपाईचे किती अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयास प्राप्त झाले, किती निकाली निघाले, (३) पंचनाम्यासाठी महसूल अधिकारी नेमण्यात आले होते काय, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

दुसऱ्या प्रश्नात ‘लष्कर’ हा शब्दच नाही. मंत्र्यांना ‘केंद्राची बाब’ म्हणायला जागा उरत नाही, कारण चारही उत्तरं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कपाटात आहेत. ‘हे अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं तरी पदरात काही पडलं म्हणायचं, कारण अर्ध्या कबुलीवर उपप्रश्न विचारता येतो.

मात्र रेंजची जमीन पूर्वीच भूसंपादन होऊन कायमची संरक्षण खात्याकडे गेली असेल, तर १९३८ चा कायदा लावण्यात अर्थ नाही. आधी सातबारा काढा. मालक म्हणून कोणाचं नाव आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

मतदारसंघाचं नाव कॅन्टोन्मेंट, म्हणून आमदारांना कॅन्टोन्मेंटचे मालक समजणं

महाराष्ट्रात सात कॅन्टोन्मेंट आहेत : पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी. पुणे कॅन्टोन्मेंट, देवळाली, कामठी ही तर विधानसभा मतदारसंघांचीही नावं. साहजिकच लोकांना वाटतं, आमदारांनी मनावर घेतलं की गल्लीतला नळ सुरू होईल.

कॅन्टोन्मेंट कायदा, २००६ नुसार बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो आणि कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतो. स्थानिक आमदार आणि खासदार बैठकीला विशेष निमंत्रित असतात, मतदानाचा अधिकार नसलेले. म्हणजे आमदार तिथे बोलू शकतात, इतिवृत्तात म्हणणं नोंदवून घेऊ शकतात, इतकंच. ही संधीही अनेक जण सोडून देतात, ते वेगळं.

बोर्डाच्या हद्दीतलं पाणी, कचरा, दिवे, घरपट्टी यांसाठी खासदारांना गाठा आणि लोकसभेत संरक्षण मंत्र्यांना प्रश्न टाकायला सांगा. विधानसभेत न्यायचं ते पोलीस ठाणं, रेशन दुकान, महापालिका बोर्डाला देते ते पाणी आणि त्याचा दर. आणि सध्याचा सगळ्यांत जिव्हाळ्याचा विषय : नागरी वस्ती कॅन्टोन्मेंटमधून वगळून शेजारच्या महापालिकेत घालायची की नाही. सीमा ठरवणं केंद्राचं काम, पण ती वस्ती पोटात घ्यायची आहे राज्याच्या नगरविकास विभागाखालच्या महापालिकेने. राज्याने केंद्राला काय कळवलं, कोणत्या तारखेच्या पत्राने आणि कोणत्या अटींवर, हा विधानसभेचा रास्त प्रश्न आहे.

जमिनीची फाईल न उघडता देशभक्तीवर भाषण करणं

लष्कराशी जोडलेल्या ज्या प्रकरणाने महाराष्ट्राचं विधिमंडळ सर्वाधिक ढवळून निघालं, ते कुलाब्याच्या आदर्श सोसायटीचं. संरक्षण दलाच्या जागांजवळ ३१ मजली इमारत उभी राहिली. चर्चा कारगिल, हुतात्मे, सुरक्षा यांची झाली. विधानसभेच्या टप्प्यात आलं ते वेगळंच : भूखंड कोणाचा, तो दिला कोणत्या नियमाने, वाढीव चटई क्षेत्र कोणी मंजूर केलं, सदस्यांची पात्रता कोणी तपासली. जानेवारी २०११ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती जे. ए. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. भूखंड राज्य शासनाचाच आहे आणि तो कारगिलच्या सैनिकांसाठी राखीव नव्हता, असं आयोगाने २०१२ च्या अंतरिम अहवालातच सांगितलं.

अंतिम अहवाल एप्रिल २०१३ मध्ये सरकारकडे गेला. चौकशी आयोग कायद्यानुसार असा अहवाल, त्यावरच्या कार्यवाहीच्या निवेदनासह, सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवायचा असतो. तो ठेवला गेला २० डिसेंबर २०१३ ला, नागपूर अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आणि सरकारने तो फेटाळल्याचंही त्याच वेळी कळलं. टीका झाल्यावर २ जानेवारी २०१४ ला मंत्रिमंडळाने तो अंशतः स्वीकारला. अहवाल मुदतीत पटलावर ठेवा, असा औचित्याचा मुद्दा (महत्त्वाच्या विषयाकडे सभागृहाचं लक्ष वेधण्याचं साधन) वेळेवर आणि वारंवार उपस्थित करणं याला अशा प्रकरणात घणाघाती भाषणापेक्षा जास्त किंमत असते. वर्तमानपत्रात छापून येतं ते भाषण, हीच अडचण.

छावणीलगतच्या बांधकामांबाबतही तेच. निर्बंध संरक्षण मंत्रालयाच्या २०११ आणि २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमधले असले, तरी परवानगी देणारी किंवा अडवणारी महापालिका आहे. तिने कोणत्या अंतराचा नियम लावला आणि ना-हरकतीसाठी पत्र केव्हा पाठवलं, ते नगरविकास विभागाला विचारता येतं.

‘लष्कर उशिरा का आलं?’ असं विचारणं

ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात भूदल आणि नौदलाची पथकं आली होती, एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलही होतं. एनडीआरएफ लष्कर नाही, ते केंद्रीय गृह मंत्रालयाखाली येतं, आणि प्रश्नात हे दोन्ही एकत्र कालवले की उत्तर देणाऱ्याला आयतीच पळवाट मिळते. लष्कर आपणहून येत नाही, नागरी प्रशासनाने मागणी करावी लागते. म्हणून विचारायचं ते हे : जिल्हाधिकाऱ्यांनी मागणी किती वाजता पाठवली, त्या आधी धरणातल्या विसर्गाची सूचना त्यांना केव्हा मिळाली, जिल्ह्याच्या बोटी किती होत्या, त्यातल्या चालू किती.

हवाई मदतीचं बिल राज्याकडे येऊ शकतं, हेही लक्षात ठेवा. २००६ पासूनच्या मदतकार्यासाठी केंद्राने २०२४ मध्ये केरळकडे १३२ कोटींहून अधिक रक्कम मागितली होती. असा खर्च राज्याच्या तिजोरीतून जाणार असेल, तर तो विधानसभेचा विषय झालाच.

पेन्शन आणि कल्याण एकाच अर्जात घालणं

माजी सैनिकांच्या अर्जांत ही चूक हमखास सापडते. पहिल्या परिच्छेदात वन रँक वन पेन्शन, दुसऱ्यात ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरची थकबाकी, तिसऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातलं रिक्त पद, चौथ्यात जमीन. पहिले दोन विषय संरक्षण मंत्रालयाचे, वाद असेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे. त्यांच्यामुळे खालचे दोनही बुडतात.

राज्याच्या हातातलं वेगळं काढा : पुण्याचा सैनिक कल्याण विभाग, जिल्हा कार्यालयांतली पदं आणि वसतिगृहं, ध्वजदिन निधीचं संकलन आणि विनियोग, गट क आणि गट ड मधलं १५ टक्के समांतर आरक्षण किती भरलं गेलं, शौर्यपदकधारकांची अनुदानं, मालमत्ता करातली सवलत ग्रामपंचायत देते की नाही. जमिनीचा अर्ज महसूल मंत्र्यांच्या नावाने स्वतंत्र प्रश्नात टाका, कारण सैनिक कल्याण विभाग फार तर शिफारस करतो.

बीएसएफ किंवा सीआरपीएफमधून निवृत्त झालेल्यांची गोष्ट निराळी. ‘माजी सैनिक’ या केंद्राच्या व्याख्येत ते बसत नाहीत. पण राज्याने स्वतःच्या पैशातून काही सवलत द्यायची ठरवली तर कोणी अडवत नाही. तिथे मागणी ‘व्याख्या बदला’ अशी करू नये, ‘अमुक शासन निर्णयाचा लाभ यांनाही द्या’ अशी करावी.

शाळांबाबत थोडक्यात : १९६१ पासूनचं सातारा सैनिक स्कूल संरक्षण मंत्रालयाखालच्या सोसायटीचं आहे, जिल्ह्यांतल्या अनुदानित सैनिकी शाळा शालेय शिक्षण विभागाच्या, आणि छत्रपती संभाजीनगरची १९७७ पासूनची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था राज्याची. तिथून एनडीएला (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) किती मुलं गेली, हे दर वर्षी कोणीतरी विचारायला हवं.

ठराव मंजूर झाला म्हणजे काम झालं, असं मानणं

डिसेंबर २०२१ मध्ये नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ लष्कराच्या गोळीबारात नागरिक मारले गेले. २० डिसेंबरला तिथल्या विधानसभेने सशस्त्र दले विशेषाधिकार कायदा मागे घ्यावा, असा ठराव एकमताने केला. ठराव केंद्रावर बंधनकारक नव्हता, कायदा रद्द झाला नाही. एप्रिल २०२२ पासून ईशान्येतल्या काही भागांतून त्याचा अंमल उठवला गेला. म्हणजे ठरावाला वजन असतं, पण ते राजकीय. त्यामुळे अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या) ठरावाची मागणी करताना, तो केंद्राकडे केव्हा पाठवला आणि काय उत्तर आलं, याचा पाठपुरावा कोण करणार हेही आमदारांशी बोलून ठेवा.

उत्तर आलं की फाईल बंद करणं

प्रश्न अस्वीकृत झाला तर कारण विचारून घ्या. विषय केंद्राचा, न्यायप्रविष्ट, की सैन्याच्या संख्येबद्दल आणि तैनातीबद्दल गोपनीय माहिती मागितलेली? शेवटचं असेल तर तो भाग काढा, बाकीचा प्रश्न पुन्हा टाका. फार घाईचं असेल तर नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना आहे. पैशाचा विषय असेल तर अर्थसंकल्पातल्या मागण्यांवरच्या चर्चेत कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करा, असा प्रस्ताव) द्या.

मंत्र्यांनी सभागृहात ‘तीन महिन्यांत निर्णय घेऊ’ म्हटलं, तर ते आश्वासन झालं आणि त्यासाठी आश्वासन समिती आहे. कार्यवाहीच्या छापील वृत्तातला तो उतारा, दिनांक आणि प्रश्न क्रमांक आमदारांच्या पत्राला जोडा. सोबत माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयातली त्या विषयाची टिपणी मागून घ्या. ‘प्रस्ताव केंद्राकडे पाठविला आहे’ असं उत्तर असेल, तर जावक क्रमांक मागा.