निर्वासितांसाठी मैफल उभी करताना: शास्त्रीय कलावंतांसाठी मार्गदर्शन

निर्वासितांसाठी किंवा मानवी हक्कांच्या कामासाठी मैफल करायची असे ठरले की चर्चा लगेच तारीख, नाट्यगृह आणि कलावंतांची नावे यांकडे वळते. या सगळ्याच्या आधी एक प्रश्न सोडवून घ्यावा, असा माझा आग्रह आहे: जमा होणारा पैसा कोणत्या संस्थेच्या खात्यात, कोणत्या कायदेशीर मार्गाने आणि नेमक्या कोणत्या कामासाठी जाणार आहे? याचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत पत्रिका छापायला देऊ नये.

याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच संगीतपरंपरेत आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले आणि छावण्यांमध्ये कॉलरा पसरू लागला. पंडित रविशंकर यांचे घराणे मूळचे जेसोरकडचे, म्हणजे त्याच मुलखातले. त्यांनी बीटल्समधले गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांच्याकडे विषय काढला तेव्हा पंचवीस हजार डॉलर जमावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन कार्यक्रम झाले. दोन्हींची सुरुवात रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सतार-सरोद जुगलबंदीने झाली, तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती होत्या, आणि तिकिटविक्रीचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीकडे गेले. ती रक्कम पोचली. मात्र ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून आलेले, त्याहून कितीतरी मोठे उत्पन्न अमेरिकी करखात्याशी झालेल्या वादात वर्षानुवर्षे अडकून पडले, कारण हा कार्यक्रम युनिसेफच्या मदतीसाठीचा उपक्रम म्हणून आधीपासून नोंदवून घेतलेला नव्हता. माणसे मरत असताना काही आठवड्यांत उभ्या केलेल्या त्या कार्यक्रमाला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्या हाती बहुधा त्याहून बराच अधिक वेळ असतो, आणि तो कागदपत्रांसाठी वापरणे हेही त्याच कामाचा भाग आहे.

पैशाची वाट

महाराष्ट्रात सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे आधीपासून नोंदणीकृत असलेल्या आणि निर्वासितांमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेला आयोजक किंवा सहआयोजक करून घेणे आणि तिकिटांचे व देणग्यांचे पैसे थेट तिच्या खात्यात जमा होतील अशी व्यवस्था लावणे. चार कलावंतांनी मिळून, संस्था न काढता, धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना ही परवानगी चांगली माहीत असते, त्यामुळे ओळखीत असा कोणी असेल तर त्याची मदत घ्यावी. कोणाच्याही वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड पत्रकावर छापू नये, मग ती व्यक्ती कितीही विश्वासाची असो.

संस्थेला आयकर कायद्याखाली देणग्यांवरील सवलतीची (१९६१ च्या कायद्यातले कलम ८०जी) मान्यता असल्यास देणगीदाराला करसवलत मिळू शकते, परंतु दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख रकमेला ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला तिचा उपयोग नाही. तिकिटाची किंमत आणि देणगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निवेदनात आणि पावतीवर स्पष्ट असावे. खुर्चीच्या बदल्यात घेतलेल्या पैशांवर करसवलतीचे आश्वासन देणे चुकीचे आहे.

परदेशातील मराठी मंडळांतून मदत येण्याची शक्यता असते आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची रक्कम मात्र, तिच्याकडे ओसीआय (भारताचे सागरपार नागरिक) कार्ड असले तरी, विदेशी अंशदानच ठरते. अशी देणगी विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच आणि तिच्या त्यासाठीच्या खात्यातच घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले विदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणून न्यू जर्सीतल्या स्नेह्याला खाते क्रमांक पाठवण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारावे.

तिकीट किती ठेवावे, याबद्दल माझे मत ठाम आहे: काही आसने स्वस्त असलीच पाहिजेत. १५ नोव्हेंबर १९७१ पासून भारतात टपालावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट लावणे सक्तीचे झाले होते. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात ते अजूनही सापडते. लाखो घरांनी मिळून उचललेला तो भार होता, आणि अशा मैफलीला विद्यार्थी व शिक्षक येऊ शकले नाहीत तर कार्यक्रमाचा अर्धा हेतूच बाजूला पडतो.

साथीदारांचे मानधन

मुख्य कलावंताने बिदागी सोडली की तबलजी, हार्मोनियमवादक आणि तंबोऱ्यावर बसणारे शिष्य यांनीही सोडलीच, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. हे गैर आहे. ज्याचे घर महिन्याच्या आठ-दहा कार्यक्रमांवर चालते त्याला भर हंगामातली एक संध्याकाळ सोडणे परवडतेच असे नाही, आणि सर्वांसमोर विचारल्यावर त्याला नाही म्हणताही येत नाही. म्हणून अंदाजपत्रकात साथीदारांचे आणि ध्वनिव्यवस्थेचे नेहमीचे मानधन आधी लिहावे. ज्याला आपले मानधन देणगी म्हणून द्यायचे असेल त्याने ते घेऊन, नंतर स्वतःच्या नावाने द्यावे, म्हणजे पावतीही त्याच्याच नावे निघते. मानवी हक्कांच्या नावाने होणाऱ्या मैफलीत कष्टाचा मोबदला चुकता होणे ही किमान अपेक्षा आहे.

निर्वासित कलावंतांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आणि त्याच्या १९६७ च्या पूरक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ निर्वासितांची व्यवस्था सरकार स्वतः पाहते, तर अफगाणिस्तान, म्यानमार वगैरे देशांतून आलेल्या अनेकांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या दिल्ली कार्यालयात होते. बँकेत खाते उघडणे यांतल्या अनेकांना अवघड जाते. पुण्यात शिकणारे अफगाण तरुण विद्यार्थी-व्हिसावर असतील तर त्यांच्या हाती ठेवलेले मानधनही व्हिसाच्या अटींच्या आड येऊ शकते. त्यामुळे मानधनाचा शब्द देण्याआधी संबंधित संस्थेला आणि वकिलाला विचारणे आवश्यक आहे, अन्यथा आपल्या सद्भावनेचा त्रास त्यांनाच होतो.

रंगमंचावर कोण बसणार

निर्वासितांसाठी होणाऱ्या कार्यक्रमात निर्वासित केवळ पहिल्या रांगेत बसलेले असावेत, ही पद्धत सोडावी. त्यांच्यातील कलावंतांना शोधावे आणि पत्रिकेत त्यांचे नाव यजमान कलावंतांच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. अफगाण संगीताच्या बाबतीत तर आपले नाते जुने आहे. अमीर शेर अली खान यांनी १८६० च्या दशकात हिंदुस्थानातून गवई-वादक काबूलला नेले. त्या कलावंतांच्या वंशजांनी तिथल्या खराबात नावाच्या वस्तीत हे संगीत पिढ्यान्‌पिढ्या जपले. काबूलचे गायक उस्ताद मोहम्मद हुसेन सराहंग यांनी पतियाळा घराण्याच्या उस्ताद आशिक अली खाँ यांच्याकडे तालीम घेतली होती. यमन आपल्या आणि अफगाण अशा दोन्ही कलावंतांना येतो, आणि ज्याला आपण भैरवी म्हणतो तिच्याशी अफगाण वादक बैरमी या नावाने परिचित असतो. एकत्र बसून काही वाजवायचे तर सुरुवात तिथूनच करावी.

तालमीचा वेळ मात्र हात राखून ठेवू नये. रबाब या अफगाण तंतुवाद्यावर चामडे मढवलेले असते, तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या, तारा अनेक असतात, आणि दमट हवेत चामडे सैल पडले की सगळा मेळ उतरतो. मुख्य तारा ठरावीक मर्यादेपलीकडे ताणता येत नाहीत, त्यामुळे गायकाने अर्धा स्वर खाली-वर होण्याची तयारी ठेवावी, तंबोरे त्या पट्टीत आदल्या दिवशीच लावून पाहावेत, आणि जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवरून उठणारा झंकार, नव्या स्वरात बोलते की नाही हे ऐकावे. कार्यक्रमाच्या दिवशी वादकाला पडदा उघडण्याआधी किमान अर्धा तास शांत जागा मिळाली पाहिजे. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वाद्ये जुळवून झाल्यावरच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि जुळवणे इतके आवडले असेल तर वादन अधिक आवडेल अशी आशा रविशंकरांनी हसतमुखाने व्यक्त केली होती. नवख्या श्रोत्यांना काय चालले आहे ते दोन वाक्यांत सांगितले तर तेही सहभागी होतात.

तारखेचे म्हणाल तर २० जून हा जागतिक निर्वासित दिन आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सभागृहे सहज मिळतात आणि मल्हाराचे प्रकार ऐकायला श्रोते उत्सुक असतात. १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन ऐन हंगामात येतो, म्हणून त्याची तयारी पावसाळ्यातच सुरू करावी लागते. युनिसेफ किंवा निर्वासित उच्चायुक्तालय यांची बोधचिन्हे लेखी परवानगीशिवाय फलकावर वापरता येत नाहीत.

नाव, छायाचित्र आणि कहाणी

रंगमंचावर निर्वासित कलावंताला बोलावून त्याच्या दुःखाची कहाणी सांगायला लावू नये. त्याने स्वतःहून काही सांगितले तर ते आदराने ऐकावे, परंतु निवेदकाने त्याची ओळख त्याच्या गुरूंपासून, वाद्यापासून आणि रागदारीपासून करून द्यावी, जशी आपण कोणत्याही कलावंताची करून देतो. छायाचित्र, ध्वनिचित्रफीत आणि समाजमाध्यमांवरील प्रसारण यांसाठी वेगवेगळी संमती घ्यावी, त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी, आणि ती कार्यक्रमानंतरही मागे घेता येईल असे सांगावे. हा केवळ शिष्टाचार नाही. तालिबानने जुलै २०२३ मध्ये हेरातमध्ये वाद्ये जाळली. ज्याचे आईवडील अजून तिथेच आहेत त्याचा चेहरा थेट प्रक्षेपणात दिसणे त्यांच्या जिवावर बेतू शकते. शंका असल्यास नाव बदलावे, प्रक्षेपण थांबवावे आणि मागे बसलेल्या श्रोत्यांनाही भ्रमणध्वनी बंद ठेवायला सांगावे.

राजकीय भूमिकेचा प्रश्नही इथेच येतो. चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी हुकूमशहा फ्रँकोची राजवट असेपर्यंत स्पेनमध्ये राहायला परतायचे नाही असे ठरवले होते. १९३९ च्या सुरुवातीला लाखो स्पॅनिश लोक सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आले तेव्हा ते सीमेजवळच्या प्राद या गावी राहून छावण्यांतल्या माणसांना पत्रे लिहीत होते, अन्न-कपडे पाठवत होते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लोकशाही राष्ट्रांनी फ्रँकोला तसेच राहू दिले म्हणून त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या. ज्या कलावंताचे नाव मोठे आहे त्याने असे स्पष्ट बोलावे, असे मला मनापासून वाटते. पण बोलण्याची जोखीम यजमान कलावंताने उचलावी. ज्याचा या देशातला मुक्काम एका कागदावर अवलंबून आहे त्याच्या तोंडी ती वाक्ये घालू नयेत.

मैफलीखेरीज काय देता येते

व्हायोलिनवादक ब्रॉनिस्लाव ह्युबरमान यांनी नाझी राजवटीत नोकऱ्या गमावलेल्या ज्यू वादकांना नुसता निधी दिला नाही. त्यांनी युरोपभर चाचण्या घेऊन वादक निवडले आणि त्यांच्यासाठी वाद्यवृंद उभा केला, म्हणजेच नोकरी आणि तिच्या आधारे पॅलेस्टाइनमध्ये स्थलांतर करण्याचा परवाना मिळवून दिला. २६ डिसेंबर १९३६ रोजी तेल अवीवमध्ये त्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम आर्तुरो तोस्कानिनी यांनी एक पैसाही न घेता संचालित केला. अलीकडे काबूलच्या अफगाणिस्तान राष्ट्रीय संगीत संस्थेचे संस्थापक अहमद सरमस्त यांनी २०२१ मध्ये विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांचे कुटुंबीय मिळून २७३ जणांना देशाबाहेर काढून पोर्तुगालला नेले, आणि त्यासाठी चेलोवादक यो-यो मा यांच्यासारख्या वादकांनी आपली ओळख आणि शब्द खर्ची घातला.

आपल्याला इतके मोठे काम जमले नाही तरी त्याच जातीचे छोटे काम जमते. एखाद्या वादकाला शिफारसपत्र देणे, त्याचे तुटलेले वाद्य मिरजेच्या कारागिरांकडून दुरुस्त करून आणणे, संगीत विद्यालयात त्याच्या मुलीची फी माफ करवून घेणे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. विदर्भातल्या एखाद्या संगीत विद्यालयाला तिथल्या शाळेशी संपर्क साधून मुलांसाठी नियमित वर्ग सुरू करता येईल का, हे विचारता येईल. नियमित या शब्दाला महत्त्व आहे, कारण एका भेटीत तबल्यावर हात ठेवायला शिकलेले मूल पुढच्या आठवड्यात वाट पाहते. निदान एक शैक्षणिक वर्ष निभावता येईल अशी माणसे आणि प्रवासखर्च हाती असेल तरच सुरुवात करावी.

कार्यक्रम संपल्यावर महिनाभरात जमाखर्च प्रसिद्ध करावा. त्यात तिकिटे, देणग्या, सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, मानधन, प्रवास आणि संस्थेकडे गेलेली निव्वळ रक्कम या नोंदी वेगवेगळ्या असाव्यात, आणि संस्थेने दिलेल्या पावतीची प्रत सोबत जोडावी. खर्च अंदाजापेक्षा वाढला असेल तर तोही लपवू नये. सहा महिन्यांनी त्या पैशातून काय झाले याची संस्थेकडून लेखी माहिती मागवून ती सर्व कलावंतांना, साथीदारांना आणि ज्या श्रोत्यांनी आपला पत्ता दिला होता त्यांना पाठवावी. ध्वनिमुद्रण विकायचे किंवा प्रसारित करायचे असेल तर त्याचे उत्पन्न कोणाकडे जाईल, याचा वेगळा करार निर्वासित कलावंतांच्या सहीसह मैफलीच्या आधीच झालेला असावा.